दाराची आगळ

२० जानेवारी १९८०

वरंधची माणसं येऊन गेली. पोहे खाल्ले, चहा प्याले, घराभोवती फणस चांगले आहेत म्हणाले, आणि निघाले. मुलगी देत नाही असं तोंडानं कोणी म्हणालं नाही. पण मुलीचा चुलता वहाणा घालता घालता म्हणाला, "पोरगा चांगला हाय. पण ऱ्हातो आईच्या बापाकडं. बाप मुंबैला दुसऱ्या बाईजवळ. उद्या आमच्या आवडीला कोनी इचारलं, तू कुनाची सून गो — तर तिनं काय सांगायचं?"

मी म्हटलं, माझी.

तो हसला. "तुमची नातसून, आजोबा. आनि तुमी आता किती दिवस?"

सोमा पडवीत पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. सगळं ऐकलं त्यानं. तांब्या खाली ठेवला — हळू, आवाज होऊ नये असा. लहानपणापासून तसाच. या घरात माझ्या नातवानं कधी भांडं आपटलं नाही.

आपटायला हवं होतं!

२१ जानेवारी

सोमा बोलला नाही. मी विचारलं नाही.

२४ जानेवारी

येसू, माझी बायको, होती तोवर सगळं तिच्याशी बोलायचो. ती गेली आणि बोलायला ही वही उरली. शाळेत शिपाई होतो तेव्हा हेडमास्तरांनी दिलेली, कोरीच पडली होती. चौथीचं शिक्षण, अक्षर वाकडं, पण वाचणार कोण?

आज दिवसभर मंजू डोळ्यांसमोर. एकुलती एक लेक. फणसाच्या आठळ्या भाजून देत असे मी, ती परकराच्या ओच्यात घेऊन पळायची. मुंबईला दिली. सोमा चार वर्षांचा होता तेव्हा तिकडेच गेली, भाड्याच्या खोलीत. तार मिळून मी पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. तोंड दिसलं नाही. शेवटी तिच्याजवळ कोण होतं, पाणी कोणी पाजलं — जावयाला विचारलं तर म्हणाला, मी लागोपाठ दोन पाळ्या कामावर होतो. म्हणजे कोणी नव्हतं. ते एक मनातून जात नाही. कोणी नव्हतं.

पोराला बापानं महाडला बहिणीकडे टाकलं. तिनं चहाच्या हॉटेलात कपबश्या विसळायला ठेवलं. मालक उलथन्यानं मारायचा. येसूनं माझा जीव खाल्ला तेव्हा जाऊन आणला. दहा वर्षांचा होता, दिसायला सहाचा. पहिल्या दिवशी भाकरी वाढली तर अर्धी खाल्ली, अर्धी बंडीत लपवली. येसू बघून न बघितल्यासारखी उठली आणि परसात जाऊन रडली.

एवढा मोठा झाला, अजून मागून घेत नाही. आणि झोपतो पडवीत. थंडी असो की पाऊस. उशाला चपला. आत ये म्हटलं की म्हणतो, "हितं बरं हाय, आजा." पाहुण्यासारखा! कधी निघा म्हणतील, म्हणून तयारीत!

२८ जानेवारी

सोमानं कोयता देऊन टाकला. शेजारच्या भिकूला.

कवळं तोडायचे दिवस. शेत भाजायच्या राबाला डहाळ्या हव्यात म्हणून सगळी वाडी झाडांवर चढलेली. ज्याच्या त्याच्या कमरेला कोयता — आणि हा आपला देऊन टाकतो! भिकू खुशीत सांगायला आला. "काका, म्हनला, मला नाय लागायचा आता."

"आता? आता म्हणाला?"

"काका, तुमी बी! फुकट घावलेल्या कोयत्याची चौकशी करत बसू का?"

त्याच्या कोंबडीची पिलंही भिकूच्या लेकीला, राहीला, दिली. सदरा दिला गुराख्याला. माणूस असं का करतो? मला कळतंय. पण इथे लिहवत नाही. येसू सांगायची, घरात वाईट शब्द काढू नये, वास्तू तथास्तु म्हणत असते. म्हणून वही घेऊन फणसाखाली येऊन बसलोय. पोरगं जिवाचं काही बरंवाईट करील — बस्स. एवढंच. फणसानं ऐकलं तर ऐकू दे, घरानं ऐकायला नको.

मीही परवा माझी घोंगडी भिकूच्या म्हाताऱ्या बापाला देऊन टाकली. पण माझी गोष्ट वेगळी. मला कशाला लागते आता.

२ फेब्रुवारी

घरातलं धारेचं होतं ते सगळं उचललं — विळी, कोयती, येसूचा विळा — आणि साळूवहिनीकडे ठेवून आलो. माझ्या चुलतभावाची ही बायको. वाडीतली निम्मी पोरं हिच्या हातावर जन्मली. डोळा फार तीक्ष्ण.

"काय हो भावजी, यात्रेला चाललात की काय?"

म्हटलं, धार लावायची आहे.

"मी कदीपासनं धार लावाय लागले?"

मी निघून आलो. आता घरात मिरची कापायची तर दातानं!

५ फेब्रुवारी

महाडला गेलो. दवाखान्यात नवीन डॉक्टरीणबाई आहेत. समजूतदार बाई. बाहेर बाकावर बसून काय बोलायचं ते मनात घोकलं. माझा नातू जेवत नाही, हसत नाही, वस्तू वाटत सुटला आहे. आत गेलो.

"काय होतंय, आजोबा?"

"झोप येत नाही."

"कोणाला?"

"मला."

खोटं नव्हतं तेही. त्यांनी छाती तपासली, डोळे पाहिले, आणि एकदम म्हणाल्या, "घरी काही चिंता आहे का? सांगा ना." मी म्हटलं, नाही नाही, सगळं देवाच्या दयेनं. ताकदीच्या औषधाची बाटली घेऊन परत आलो. एस.टी.त स्वतःला शिव्या घातल्या. बाटली सोमाच्या हातात दिली तर म्हणतो, "तू घे. तुलाच लागंल."

७ फेब्रुवारी

सोमाला निजायला आत आणलं! फार वाद घातला नाही. मी म्हटलं, माझ्या छातीत धडधडतं, कोणीतरी जवळ हवं. दुखण्याचं नाव काढलं की पोरगं ऐकतं. माजघरात त्याचं अंथरूण घातलं, दाराला आतून आगळ घातली आणि आगळीखालीच माझी पथारी. उठलाच तर मला ओलांडून जावं लागेल.

आता काळजी नाही. सागाची आगळ. येसूच्या सासऱ्यानं — म्हणजे माझ्या बापानं — वाघाच्या भीतीनं बसवलेली.

११ फेब्रुवारी

सोमा वाळत चालला आहे. डोळे लाल. आत निजवून बरं वाटायचं सोडून हे काय! म्हणे झोप लागत नाही. अंथरूण रोज सकाळी ओलं, घामानं. थंडीत घाम?

मी रात्रीतून तीनदा उठून आगळ चाचपतो. असते जागेवर.

१४ फेब्रुवारी

आवडीचं लग्न ठरलं म्हणे, भोरकडे. सोमाला कोणीतरी सांगितलंच. तो म्हणाला, "बरं झालं." एवढंच. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

येसू, तू असतीस तर एका शब्दात बोलतं केलं असतंस. मला ते कसब नाही. मला फक्त धास्ती आहे.

१६ फेब्रुवारी

आज मोठं ग्रहण. खग्रास आहे, बघू नका, बाहेर पडू नका — रेडिओवर दोन दिवस चाललं होतं. वाडी चिडीचूप. गुरं गोठ्यात, पोरं घरात, पाण्यावर तुळशीची पानं. दुपारी उन्हाचा रंग पिवळट व्हायला लागला. आणि सोमा अंगणात! मधोमध उभा, तोंड वर.

"डोळे जातील रे!"

"जाऊ देत."

ओढून आत आणला. दार लावलं, आगळ घातली. खिडकीला गोणपाट. वरून ग्रहण आणि खालून मी — घरात काळोखच काळोख. मी जप करत बसलो. आणि पोराला काय झालं कुणास ठाऊक! आधी धापा टाकायला लागला. मग उठून दारावर गेला, दोन्ही हातांनी लाकूड ओरबाडायला लागला. आगळ डोळ्यांसमोर आहे आणि त्याला काढता येत नाही! लहान पोरासारखा आवाज काढला — "उघडा! उघडा!" मी मागून मिठी मारली. म्हटलं, नको रे, बाहेर जाऊ नको, असं करू नको. त्याला वाटलं असेल मी कोंडतोय. मला वाटलं हा मरायला धावतोय

लिहिलं. लिहून गेलो. आता खोडून काय उपयोग.

त्यानं मला हिसडलं. मी पडलो. आगळ माझ्या हातानंच निघाली शेवटी. तो अंगणात जाऊन ओकला. सूर्य सुटेपर्यंत तिथेच बसून राहिला. माझ्याकडे बघेना.

१७ फेब्रुवारी

पहाटे जरा डोळा लागला, उठलो तर सोमाचं अंथरूण रिकामं. आगळ भिंतीशी उभी करून ठेवलेली, नीट.

वाडीभर हिंडलो. कोणाला काय सांगणार? सोमा दिसला का, एवढंच. नदीपर्यंत जाऊन आलो. दुपारच्या महाबळेश्वर गाडीनं तो परत आला. परत आला नाही — आणला. ड्रायव्हर स्वतः गाडी वाटेत थांबवून खाली उतरला, त्याचा दंड धरून.

"आजोबा, तुमचाच ना? आंबेनळी घाटात एकटाच बसलेला. सकाळी वर जाताना बघितला. येताना बघितला तर तिथंच. मला नाय पटलं. म्हटलं, चल, पुढच्या सीटवर बस, घाटात मला गप्पा मारायला कोण पायजे." गाडीतले लोक ओरडत होते, उशीर होतोय म्हणून. तो त्यांना म्हणाला, "होऊ दे उशीर! पोर घरी पोचवतोय, दिसत नाय?"

त्याचं नावही विचारायचं राहिलं. मी नुसता हात जोडून उभा.

१८ फेब्रुवारी

आजचं सगळं लिहून काढतो. जमेल तसं.

साळूवहिनी सकाळीच आली. माझी विळी-कोयती फडक्यात बांधून. उंबऱ्यात बसली. "भावजी, मला वाटलंच हुतं. पर मी कालपतूर गप्प ऱ्हायले, ही माझी चूक. सोमा, हिकडं ये. बस."

मला वाटलं, चार उपदेशाच्या गोष्टी सांगेल. बाई सरळ म्हणाली,

"सोमा, तुला मरावंसं वाटतं का रे?"

घरात! देवाच्या फळीसमोर! मी ओरडलो, वहिनी, तोंड सांभाळा, वास्तू तथास्तु म्हणते!

"म्हनू दे. तिला म्हनावं, आदी माझं बोलनं पुरं होऊ दे. तुमी गप बसा." मग परत त्याच्याकडे. "सांग, रे पोरा. मी लई बायकांचं लई आयकलंय. भ्यायची नाय मी."

सोमा जमिनीवर बोट फिरवत राहिला. मग मान हलवली. हो.

छप्पर पडलं नाही. काही झालं नाही. वहिनीनं नुसता सुस्कारा सोडला, ओझं उतरवल्यासारखा. "बरं. सांगितलंस ते ब्येस केलंस. कवापासनं?"

"पयल्यापासनं. अधनंमधनं. दार लावाय लागल्यापासनं लई."

"दाराचं काय?"

मग तो बोलला. पंधरा वर्षांचं एकदम. आई आजारी होती, खोकायची. एक दिवस म्हणाली, सोमू, कडी लाव आणि गप बस, मला जरा पडू दे. डब्यावर चढून त्यानं कडी लावली. डबा घरंगळला, खाटेखाली गेला. आई उठेना. त्यानं हाका मारल्या. कडी हाताला लागेना. काळोख पडला, परत उजाडलं. तो आईजवळ निजला, पाणी तिच्या ओठाला लावत राहिला. मग केव्हातरी लोकांनी दार फोडलं.

"मी कडी काडली असती तर ती वाचली असती," म्हणाला. "म्हनून बाबा मला ठेवून घेत नाय. म्हनून कोनीच."

मी भिंतीला टेकलो. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. आणि मी त्याच पोराला आगळ घालून —

वहिनी उठली. बाहेर भिकूची राही कोंबडीच्या पिलांमागे धावत होती, तिला उचलून आणलं. चार वर्षांची, नाकातून शेंबूड. आगळ खाचेत आडवी ठेवून तिला दाराशी उभी केली. "राही, आगळ काड बरं."

राहीनं टाचा उंचावल्या. हात वर केला. हातभर तरी कमी पडत होता. उडी मारली. पडली. हसायला लागली. "नाय पोचत गो, आजी!"

"बघ," वहिनी सोमाला म्हणाली. "येवढा हुतास तू. हिनं आगळ काडली नाय म्हनून हिला बोल लावशील?"

सोमा राहीकडे बघत राहिला. पहिल्यांदाच बघितल्यासारखा. त्याचे खांदे हलायला लागले. वहिनीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

मला जे बोलायचं होतं ते मी मग बोललो. जवळ जाऊन. म्हटलं, सोमा, तुझी आई एकटी गेली या दुःखानं मी इतकी वर्षं जळतोय. ती एकटी नव्हती. तू होतास. पाणी तू पाजलंस.

आणखी लिहवत नाही.

१९ फेब्रुवारी

वहिनी म्हणते, सावड लावू. जशी शेताला लावतो — आज सगळे तुझ्या रानात, उद्या माझ्या. तशी सोमाची. आज भिकूबरोबर कवळं, उद्या तिचं घर गवतानं शाकारायला, परवा आणखी कोणाकडे. एकटा सोडायचा नाही, आणि कोंडायचाही नाही. मला लाज वाटली, वाडीत बोभाटा होईल म्हणून. ती म्हणाली, "हू दे. बोभाट्यानं कोन मरत नाय. गप ऱ्हाऊन मरतात."

भिकूनं कोयता परत आणून दिला. धार लावून. "घे बाबा, जड हाय. माझं खांदं गेलं." सोमानं लगेच घेतला नाही. भिकूनं तो दाराशी ठेवला आणि म्हणाला, "मग तू नाय तर मी पन नाय. बसू दोघं." शेवटी वहिनीनं ठरवलं, कोयते सध्या भिकूकडेच राहतील, कामाला जाताना दोघांनी बरोबर न्यायचे.

सोमा पडवीत झोपला. मी पण पडवीत. डास फार.

२१ फेब्रुवारी

तिघं महाडला. यावेळी मी बोललो. बाहेर रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोललो असेन. डॉक्टरीणबाईंनी मला आणि वहिनीला बाहेर बसवलं आणि सोमाशी बराच वेळ बोलल्या. मग मला म्हणाल्या, "तुम्ही त्याला रोज विचारत जा. सरळ. विचारल्यानं मनात ते येत नाही, आजोबा. असलं तर बाहेर पडतं." पंधरवड्यानं परत बोलावलं आहे. लगेच बरा होईल असं समजू नका, असंही सांगितलं.

दाराजवळ मला थांबवून म्हणाल्या, "तुम्हाला झोप लागते का आता?" मी म्हटलं, हो हो.

२२ फेब्रुवारी

आज मी विचारलं. घरात बसून. शब्द तोंडातून निघेना, मग निघाला. सोमा म्हणाला, "आज थोडं." बस्स. मग दोघांनी शेंगा फोडल्या.

२६ फेब्रुवारी

वाईट दिवस. उठलाच नाही. भिकू दोनदा हाक मारून गेला. विचारलं तर म्हणाला, "लई." मी वहिनीला बोलावलं. ती संध्याकाळपर्यंत त्याच्या पायथ्याशी बसून गोधडी शिवत राहिली. मी चुलीपाशी. मला वाटलं होतं, एकदा बोलून टाकलं की संपलं. संपत नाही हे. भात लावल्यासारखं आहे, रोज पाण्यात उभं राहायचं.

२७ फेब्रुवारी

उठला. चहा मागितला. मागितला!

२ मार्च

शिमगा. काल पोरं लाकडं मागत आली. मी आगळ उचलून द्यायला निघालो — जळू दे एकदाची! सोमानं हातातून घेतली. "वेडा का काय, आजा? सागाची हाय. खुराड्याला लावू. मुंगूस राहीची पिलं पळवतंय."

हसलो. तोही जरासा.

होळीजवळ वाडीच्या पोरांनी त्याला ओढून नेलं. लांबून बघत होतो. ठो ठो बोंब मारत होता. त्याचा एवढा मोठा आवाज मी या घरात कधी ऐकला नव्हता. मंजू ऐकायला हवी होती. येसू हवी होती. फार आठवण झाली, पाय धरून ठेवल्यासारखी. घरी येऊन न जेवता पडलो.

६ मार्च

महाडला जाऊन आला, भिकूबरोबर. डॉक्टरीणबाईंनी माझी विचारपूस केली म्हणे. का बरं?

९ मार्च

आज मी विचारायच्या आधी सोमानंच विचारलं. "आजा, रोज तू मला इचारतोस. तुला वाटतं का रे, मरावंसं?"

हसून घालवणार होतो. घालवता आलं नाही. हो म्हटलं. मंजूची तार आली त्या दिवसापासून.

तो उठून आत गेला. भिकूच्या बापाकडून माझी घोंगडी मागून आणली होती त्यानं, कधी ते कळलंही नाही. ती माझ्या अंगावर टाकली आणि अगदी लागून बसला. "बरं," म्हणाला. "उद्या साळूआजीला सांगू. तुझी बी सावड."